रिकामा रकाना

पहाटे सव्वाचार. सोहारचा किनारी रस्ता.
तापमान तेहतीस, दमटपणा चौऱ्याऐंशी टक्के,
म्हणजे हवा श्वासात घ्यायची नाही, प्यायची.
मी पळतो. मनगटावरचं घड्याळ
सेकंदासेकंदाला माझी हजेरी लावतं,
मान वर न करणाऱ्या कारकुनासारखं.

संध्याकाळी, कुकरची शिट्टी होईपर्यंत, लॅपटॉप.
भाचीनं व्हिडिओ कॉलवर शिकवलेलं पायथन
मी चाळिशीत पोहायला शिकावं तसं वापरतो:
हातपाय फार, पाणी थोडं.
एक कंस उघडा राहिला
की पाऊण तास गेला.
मग आलेख उमटतो.
निळी रेघ गतीची, तांबडी काळजाच्या ठोक्यांची.
जुलैपासून दोघी लांब लांब चालल्यात,
एका घरात राहून न बोलणाऱ्या जावांसारख्या.

अकरा ऑगस्टला घड्याळ म्हणालं,
मी सात मिनिटं समुद्रात पळत होतो,
किनाऱ्यापासून एकोणीस किलोमीटर आत,
मोटारीलाही न झेपणाऱ्या वेगानं.
प्लांटमधला सुनीर म्हणाला, होतं असं इकडे,
सिग्नलमध्ये कुणीतरी ढवळाढवळ करतं,
जहाजंसुद्धा नकाशावर डोंगरात जाऊन उभी राहतात.
असले बिंदू गाळायचे असतात.
खरं सांगू? गाळण्याआधी मी त्या रेघेचा कोन मोजला.
वाटलं, बार्शीकडे जात असेल.
छे. सरळ इराणकडे.

हे खमीसला सांगितलं.
खमीस म्हणजे गुरुवार, गुरुवारी जन्मला म्हणून.
चौथ्या किलोमीटरच्या दिव्याखाली बसून जाळं सांधतो,
दाताखाली नायलॉनचा दोरा.
दोरा न सोडता हसला:
समुद्रात गेलास, तर जाळं न्यायचंस की.

रोजचं आमचं बोलणं एका शब्दाचं.
तो म्हणतो, कम? किती?
मी बोटं दाखवतो, सात, कधी आठ.
मग मी विचारतो, कम?
तोही बोटं दाखवतो.
उजव्या हाताला तीनच आहेत,
बाकीची दोन कधीतरी दोरखंडात गेली,
म्हणून आठाच्या वरची सुरमई तो तोंडानं सांगतो,
जरा मोठ्यानं.

आमच्याकडे मासा बर्फातून यायचा,
डोळे पांढरे होऊनच.
इथं मी त्याच्यासाठी एक रकाना वाढवला.
माझे किलोमीटर, शेजारी त्याचे मासे.
दोन महिन्यांनी सहसंबंध काढला:
शून्य पूर्णांक शून्य सात.
म्हणजे काही नाही.
त्याच्या माशांना माझ्या धापेशी देणंघेणं नाही,
गणित असं म्हणतं, आणि गणिताचं बरोबर आहे.

तीन सप्टेंबरपासून खमीस नाही.
चहावाला म्हणाला, मुलीकडे गेला असेल, सहमला.
दुसरा म्हणाला, इंजिन बिघडलंय.
तिसऱ्यानं खांदे उडवले.

स्क्रिप्ट तिथं येऊन अडते, विचारते:
रिकाम्या घरांचं काय करू?
शून्य लिहू?
पण शून्य म्हणजे गेला होता आणि मिळालं नाही.
हे तसं नाही.
सरासरी भरू? पाच पूर्णांक चार.
पॉइंट चार मासा कुणी धरलाय आजवर?
आदल्या दिवसाचा आकडा पुढं ओढू,
रोज तेच सहा, रोज तेच सहा?
की ओळच काढून टाकू,
तर त्या ओळीतलं माझंही पळणं जाईल,
आणि पळालो तर होतो.

राहू दे म्हटलं.
आलेखात तिथं फट पडते, पडू दे.

आज पहिल्यांदा नऊ झाले.
परतताना त्या दिव्याखाली थांबलो,
तुटक्या जाळ्याच्या वेटोळ्यात मांजर झोपलेली.
दोन्ही हात वर केले,
नऊ बोटं उघडी, एक मिटलेलं.
तसाच उभा राहिलो थोडा वेळ.
घड्याळाला वाटलं, दमलो.