पेटी क्रमांक सात, मागची बाजू

टेंपोतून अकरा पेट्या उतरल्या
त्या दिवशी उदगीरला बेचाळीस होतं.
देवणीकर वकिलांचा मुलगा पुण्याहून आला होता.
पोचपावतीवर सही करताना म्हणाला,
सगळं देतोय, मागं काही ठेवलं नाही.
आमचा तुळशीराम झाकण उचकटून म्हणाला,
म्याडम, ह्ये ठुवायचं का जाळायचं?
मी म्हटलं, यादी करायची.

पहिल्या तीन पेट्या वकिलीच्या.
सगळं उर्दूत, कोर्टाच्या जाड कागदावर,
फी हाली सिक्क्यात,
एका ठिकाणी फीऐवजी: शेळी एक, गाभण.
मोईनोद्दीन सर चार दुपारी येऊन वाचत बसले
बांधावरच्या एका लिंबाचा दावा,
सावली एकाची, मुळं दुसऱ्याच्या रानात.
निकाल काय लागला, सर?
सरांनी चष्मा पुसला.
शेवटचं पान वाळवीनं खाल्लंय, बेटा.
पण अक्षर बघ.
लिहिताना या माणसाला घाई नव्हती.

घाई चौथ्या पेटीपासून.
वकील आता आमदार.
अक्षर आखडत जातं,
मग टाइप, मग टाइपची कार्बन प्रत,
मग नुसती सही, मग सहीचा रबरी शिक्का.
विहीर, बदली, पुलाचा खांब, शाळेचे पत्रे,
प्रत्येक अर्जाच्या कोपऱ्यात लाल शाईत
बघू.
मी मोजले. दोन हजार एकशे सहा बघू.
मानपत्रं सत्तावीस, मजकूर एकच,
गावाचं नाव तेवढं बदललेलं.

विद्यापीठाच्या नमुन्यात एक रकाना आहे: खाजगी.
त्यात भरायला काही मिळेना.
चष्म्याची पावती, हैदराबादची.
दाताच्या डॉक्टरचं बिल.
मुलाला वसतिगृहात पाठवलेलं पत्र,
मन लावून अभ्यास करणे,
खाली टाइप केलेलं: आपला विश्वासू.

सातव्या पेटीत न वाटलेली पत्रकं.
निशाणी तराजू, खाली वकील हात जोडून,
आपलाच माणूस, आपल्याच मातीचा.
गठ्ठ्याच्या तळाशी एक पालथं पडलं होतं.
कोऱ्या बाजूला पेन्सिल.
अक्षरांच्या डोक्यावर रेघ नाही,
जणू उघड्यावर निघालेली.

सोम. दूध दीड शेर.
मंगळ. माणसं चौदा. दूध तीन शेर, उधार.
बुध. माणसं एकवीस. चहा गुळाचा केला.
गुरु. हे आले नाहीत.
शुक्र. हे आले नाहीत.
शनि. हे आले. बोलले नाहीत. दूध अर्धा शेर.

गुरुवारी वकील कुठे होते ते मला माहीत आहे.
पेटी पाच, दौऱ्याची डायरी:
औराद, निलंगा, मुक्काम डाक बंगला, सभा उत्तम.

मुलाला फोन लावला.
आई? तो म्हणाला. आईला लिहिता येत नव्हतं.
मग बराच वेळ पंख्याचा आवाज,
त्याच्याकडचा की माझ्याकडचा, कळेना.
मी रेशनकार्ड शोधून नाव काढलं: सोजरबाई, अंगठा.
पण "हे" दुसरं कोण लिहील?
कुणाच्या पाटीवर शिकल्या, कुणापासून लपवलं,
त्याची नोंद नाही.

संगणक विचारतो, कर्ता कोण?
एकच निवडा.
पुढे छापलेलं की मागे लिहिलेलं,
दस्तऐवजाची सरळ बाजू कुठली?
मी दोनदा भरलं, दोनदा त्यानं परत पाठवलं.
तुळशीराम दाराशी. काय बघूलालाव म्याडम, पाच वाजले.

शेवटी वकील खाली, दूध वर
असा तो कागद पाकिटात घातला.
पुढच्या महिन्यात समिती येईल, उलटा ठेवलाय म्हणेल.

अगदी तळाशी एक ओळ आहे,
पेन्सिल थुंकीनं ओली करून, गडद:
यल्लव्वा गवळणीचं देणं, साडेसात शेर.

फेडल्याची खूण
अकराही पेट्यांत
मला अजून सापडलेली नाही.