काटा नंबर दोन

खाण बंद झाल्यावर लिलावात सातशेला घेतला हा,
वजनकाट्यावरचा काँप्युटर.
डिचोलीहून पिकअपमधून आणला
तेव्हा आतून वाटीभर लाल माती निघाली.
बायको म्हणाली, तुळशीत घाला.
घातली.

पंख्याचा आवाज अजून तसाच,
रिकामा टिपर चढणीला लागल्यासारखा.

आता गुणाजी गावकराला खेपांचा हिशेब हवा आहे.
वकील म्हणतो, कागद दाखव.
कागद वाळवीने वाचून संपवले.
उरला तो याच्या पोटात
आणि हा तोंड उघडत नाही:
पेनड्राइव्हच्या दोन्ही खाचा गंजलेल्या,
सीडीचा ट्रे अर्धा येतो
आणि जीभ चावल्यासारखा थांबतो.
मागे जाड वायरीचं एक भोक तेवढं धड.
वाय-फाय हा शब्द
हा जन्मला तेव्हा गावात कुणी उच्चारलाही नव्हता.

शेजारच्या क्रूझांचा जॉयसन म्हणाला, अंकल, जातलें.
म्हापशाहून एक डबी आणली, साबणाच्या वडीएवढी.
हवेतलं पकडते, वायरीतून याला देते.
म्हणजे दुभाषी,
पोर्तुगीज आमदनीत कचेरीबाहेर
टेबल मांडून बसायचा, तसा.

पण मधे चिऱ्याची भिंत, दीड हात जाड.
बावीस वर्षं ज्या डोंगराचं वजन केलं
त्याचाच धाकटा भाऊ हा चिरा,
लोखंड पोटात धरून उभा,
काही पलीकडे जाऊ देत नाही.
राऊटर पडवीतून काढला, कपाटावर ठेवला,
खिडकीत ठेवला, हातात धरून मीच उभा राहिलो
मिरवणुकीतल्या पेट्रोमॅक्सवाल्यासारखा.
शेवटी माटोळीच्या हुकाला टांगला,
चवथीला जिथे सुपारीचा घड असतो तिथे.
डबीवरचा दिवा हिरवा झाला.

पासवर्ड मुलीचा. तिने दुबईहून सांगितला:
बांगड्याचं हुमण, इंग्रजी अक्षरांत, सलग,
पुढे तिचं जन्मसाल.
जॉयसन हसला. मी घड्याळाकडे बघत होतो.
कोपऱ्यात, काँप्युटरच्या:
एक जानेवारी दोन हजार दोन.
आतला सेल मेलाय, जॉयसन म्हणाला, तारीख सुधारा.

वरचा बाण दाबत गेलो. एकेक वर्ष.
मुलगी दहावी झाली, दाबला.
काटा नवा बसवला, दाबला.
दोन हजार बाराला बोट जरा अडकलं.
गुणाजीचा ट्रक भंगारात गेला ते साल कुठलं
आठवेना, तरी त्यावरून पुढे गेलो.
आजवर यायला मिनिटभरही लागलं नाही.

तरीही मेल उघडली नाही.
प्रत्येक पान पांढरं, प्रत्येक दार म्हणे,
तू फार जुना, तुझी किल्ली आम्ही ओळखत नाही.
चहा झाला. जॉयसनने पाव बुडवून खाल्ला
आणि मग सहज स्वतःचा लॅपटॉप उघडला.
घरातल्या यंत्रांची यादी आली:
टीव्ही. बायकोचा फोन. प्रिंटर.
आणि सगळ्यांखाली
काटा-२.

जगात नाही,
घरात आला होता.
फोल्डर उघडला तर सगळ्या खेपा आत,
तारखेवार, माझ्याच बोटांनी मारलेल्या,
एके ठिकाणी गुणाजीचं गुनाजी झालेलं.

संध्याकाळी तो आला. चप्पल बाहेर, चष्मा जॉयसनच्या वडिलांचा.
प्रिंटर ओकत राहिला पानं,
तो मात्र शेवटच्या ओळीवर बोट ठेवून उभा.
सकाळी आठ सव्वीस. आत गेला.
रिकामं वजन सहा टन एकशे चाळीस.
भरलेलं वजन: काही नाही, कोरा रकाना.

भरिल्लो, बाब, तो म्हणाला.
मागीर ऑर्डर आली. परत ओतूंक लायलो.

जॉयसनने विचारलं, बंद करूं?
मी हो म्हणणार होतो.
राव रे, गुणाजी म्हणाला,
ट्रक अजून भितर आसा.