निरंक

चोवीस झाडं. प्रत्येकाची तीन पानं:
वरचं, मधलं, खालचं.
पान असं उलटायचं की पानालाही कळू नये.
हिसका बसला तर तुडतुडे तिरके पळतात
आणि आकडा खोटा होतो.

कोहळी फाट्यावरून आत, गोमाजी डोंगऱ्यांच्या पऱ्हाटीत
जुलैपासून मी हेच करते आहे.
तक्ता नागपूरच्या ऑफिसातून आला.
डावीकडे शत्रुकीटक, उजवीकडे मित्रकीटक,
मधे एक रेघ.
ती छापखान्यानं मारलेली.
पानावर मला ती कधी दिसली नाही.

पानावर ढालकिडा माव्याच्या पंगतीत बसतो
आणि उठायचं नाव घेत नाही.
त्याची अळी मात्र काळी, काटेरी,
नखाएवढी मगर.
लोक आधी तिलाच चिरडतात.
"पाहा न मॅडम, कशी भयानक अळी हाय थे,"
म्हणत गोमाजींनी एकदा बोट पुढं केलं.
बोटावर पिवळा डाग.
मी म्हटलं, काका, हा आपला माणूस होता.
ते हात धुऊन आले, आणि परत एकदा धुऊन आले.
त्या दिवशी चहाला हाक मारली नाही त्यांनी.

क्रायसोपाची अंडी मी शेवटी मोजते.
ती पानावर टेकवत नाही, आधी एक ताठ धागा उभा करते,
धाग्याच्या टोकाला अंडं.
पहिला जन्मलेला भुकेच्या भरात
धाकट्याला खाईल, हे तिला ठाऊक असतं.

उजव्या रकान्यात जुलैअखेर एकोणीस.
पोळ्याच्या आठवड्यात एकतीस.
एकतीस मी जरा ठळक लिहिलं.

मंगळवारी पानांमागं ट्रायकोकार्ड टाचले.
पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा,
त्यात टिंबाहून बारीक शेकडो गांधीलमाश्या, अजून मिटलेल्या.
गुरुवारी त्या निघायच्या होत्या.

गुरुवारी गोमाजींचा पुतण्या कॉटन मार्केटमधून
दोन बाटल्या घेऊन आला.
दुकानदारानं सांगितलं होतं, दोन्ही एकत्र करा,
सारंच साफ होते.
तो खोटं बोलला नाही.

पुतण्यानं नाकाला दुपट्टा बांधला.
संध्याकाळपर्यंत पंपाचा आवाज येत होता.

शनिवारी मी झाडांखाली आईचं जुनं पातळ अंथरलं,
पांढरं, एका कडेला इस्त्रीनं जळलेलं,
आणि झाडं हळूच हलवली.
उताणे ढालकिडे पडले, डाळ सांडावी तसे.
कार्डावरची टिंबं तशीच मिटलेली.
फुलोरी माशी एकच, जमिनीवर
स्वतःभोवती फिरत राहिली.
तिच्यासाठी तक्त्यात जागाच नव्हती.
ती कोणाच्याच बाजूची नसावी.

तिसऱ्या आठवड्यात पांढरी माशी परतली.
पान उलटलं की धूर उठावा तशी.
डाव्या रकान्यात तीन आकडी संख्या मावेनात,
मी समासात लिहिल्या.
उजवीकडे काय लिहू, म्हणून फोन केला.
तागडे मॅडम म्हणाल्या, रकाना रिकामा ठेवू नका,
ऑनलाईन घेत नाही. निरंक लिहा.

निरंक.
अक्षर सुंदर आलं, चोवीस वेळा.

धुऱ्यावर गोमाजींच्या बायकोनं भाजीसाठी लावलेली चवळी आहे.
पंप तिथवर गेला नव्हता.
चवळीही तक्त्यात नाही, म्हणून मी नुसतीच वाकले,
पेन बॅगेतच होतं.
धागे होते. सात. आठवा तुटका.

उठून पाहिलं तर शेताच्या पलीकडच्या टोकाला
गोमाजी उभे, एक पान तळहातावर धरून,
उन्हात, तसेच, हलत नव्हते.
मी चाळीसेक ओळी ओलांडून पोचेपर्यंत
त्यांनी मूठ मिटली नाही.
"मॅडम," ते अगदी हळू म्हणाले,
जसं कोणी झोपलंय,
"हे कोन्या बाजूचं हाय?"