यजमानाचं आधी

वहीच्या शेवटच्या पानावर उभी रेघ मारली.
डावीकडे नावं, उजवीकडे जीबी.
वर लिहिलं: एकूण आठ.
दुसरी पट्टी टाकायची खाच मेलेली आहे, दोन वर्षं झाली.
साखर पेठ, दुपारचे तीन, त्रेचाळीस अंश,
पंख्याचा वारासुद्धा कढत
आणि टेबलाखाली एकच डबा.
त्याच्या पोटात तीन संगणक वसवायचेत.

घरी पाहुण्यांना आधी वाढायचं.
अम्मा शेवटी बसायची,
कडक भाकरीच्या चुऱ्यावर शेंगाची चटणी टाकून.
इथं उलटं.
इथं यजमान उपाशी राहिला
तर पंगतच्या पंगत ताटावरच आडवी.
म्हणून पहिली ओळ: यजमान, दोन.
लिहिताना थोडी लाज वाटली. तरी दोन.

मग मल्लिनाथ शेटचं बिलिंग.
त्यांना चार पाहिजेत,
गेल्या वेळी सहा म्हणाले होते.
मी महिनाभर आकडे बघितले,
अडीचला टेकलं एकदाच,
मार्चअखेर, रात्री अकराला.
तीन लिहिलं.

तेजूचं लिनक्स, दोन.
"दोनात काय होतंय ओ मामा?"
म्हटलं, नळ पाच दिवसांनी येतो,
तरी तू रोज अंघोळ करतोसच की.

सगळ्यांना थोडं जास्तच कबूल करता येतं म्हणे,
सगळे एकदम मागणार नाहीत या भरवशावर.
आमच्या बोळातला टँकरवाला तेच करतो:
तेरा घरांना शब्द, आठ घरांचं पाणी.
लग्नसराईत कळतं.
मागच्या वर्षी मीही केलं.
दोघांनी एकदमच तोंड उघडलं
आणि मशीन डिस्कवरून शेंदायला लागलं,
पोहऱ्यानं, साठ हात विहिरीतून.
माऊसचा बाण अर्धा मिनिट जागच्या जागी.
शेट दारात, हातात हेल्मेट.

राहिले चंद्रय्या गुंडेटी. त्यांचं एक्सपी. अर्धा.
टॉवेलच्या काठांचं ते सॉफ्टवेअर
दुसऱ्या कशावर चालत नाही,
बनवणारी कंपनीच उरली नाही.
गुरुवारी यायचे. चष्मा कपाळावर सरकवून
पडद्याला नाक लावून
एकेक चौकोन भरत मोर काढायचे.
चार गुरुवारांचा एक पिसारा.
डोळ्याचं ऑपरेशन झालं की येतो, म्हणाले.
त्याला अडीच महिने झाले.

तेजू म्हणतो, बंद ठेवा की, आले की उठवू.
बरोबर आहे त्याचं.
उठायला दीड मिनिट लागतं फक्त.

शेटच्या ओळीपुढं लिहिलं: अडलं तर कमी करावं.
तेजूच्या ओळीपुढंही तेच.
गुंडेटींच्या पुढं: हात लावू नये.

बेरीज साडेसात.
उरलेल्या अर्ध्याला नाव दिलं नाही.
वही मिटली.
आज बुधवार.