वही

चोपड्याच्या बाजारात, भरताच्या वांग्यांशेजारी
लोटनदादा डफ उलटा ठेवून बसतो.
डफात मेमरी कार्डं, एक जुना चार्जर
आणि सुतळीला बांधलेला पेन.

"गानं फुकट शे भो.
नाव तेवढं लिखी जाय."

घासाघीस करायला आलेले
फुकट म्हटल्यावर गोंधळतात.
एका कॅसेटवाल्यानं मागे
त्याचा आवाज हजार रुपयांत नेला होता.
कुणी ऐकला, कुठे ऐकला,
लोटनला कधीच कळलं नाही.

आता कळतं.
सुपडाबाई, केळीचे घड वाहते, नंबर जावयाचा.
इस्माईल पिंजारी, अडावद.
एकानं नुसतं लिहिलंय :
धानोरा, पाण्याच्या टाकीजवळ, कोणालाही विचारा.

रात्री चुलीवर डफ शेकत
तो एकेकाला फोन लावतो :
शनिवारी बसतोय उनपदेवला, या.
निम्मे लागत नाहीत.
सुपडाबाईचा जावई म्हणतो, सांगतो,
आणि मागून तिचंच हसू ऐकू येतं.

बाप वही गायचा,
पण कागद म्हणून घरात नव्हताच.
सगळं तोंडपाठ.

लोटनलाही हल्ली वही उघडावी लागत नाही.
सुपडाबाई, इस्माईल, टाकीजवळचा...
बोटं आपोआप
डफावर पडतात.