दुसरी बाजू

खय्यूमभाईंनी जळकी मोटार बाजूला सारली,
हात चिंधीला पुसले
आणि कॅसेट दिली.
कव्हरवर बॉलपेननं: बागेश्री, सेलू, ब्याऐंशी.
"दुसरी बाजू ऐक.
बाविसाव्या मिनिटाला लाईट जाती बघ."

खरंच गेली.
माईक मेला, आवाज मागं सरकला,
खोलीतून उठून कुणी ओसरीवर बसावं तसा.
टेप सेलवर होता, फिरत राहिला.
एक लेकरू रडलं. "कंदील आणा रे!"
कुणीतरी काडी ओढली.
आणि बाई धैवतावर होत्या
तिथंच राहिल्या,
अंधाराची सवय होईस्तोवर.

परत करताना मी माझी नेली.
स्टुडिओतला मारवा, मुंबईहून मागवलेला,
दोन तंबोरे, एकही खोकला नाही.
दुकानात, वार्निशच्या वासात,
त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकला.
परभणीचं ऊन शटरखालून पायापर्यंत आलं.

"चांगलाय," म्हणाले.
मग बराच वेळ
तांब्याची तार बोटाला गुंडाळत बसले.

"त्या रात्री काडी मीच ओढली होती.
पेटीवाल्याला दिसंना म्हणून.
पण बाईंनी तेवढ्यात डोळे उघडले, मुंजाजी.
नव्हती ओढायला पाहिजे."