मागचा दिवा

हिल्मा रांताला ट्रक घेऊन दारात आली
तरी मला कळलंच नाही.
चाळीस वर्षं गाड्या मी कानाने ओळखल्या,
ह्याला आवाजच नव्हता,
नुसता टायरखाली कुरकुरणारा बर्फ.

"मागचा दिवा," ती म्हणाली. "गोठ्याच्या खांबाला लागला."
वीतभर प्लास्टिक.
डुलुथच्या शोरूमने जो आकडा सांगितला
तेवढ्यात तिच्या नवऱ्याने एकदा
अख्खा ट्रक घेतला होता, बर्फ लोटायच्या फाळासकट.
दिवा उघडायचा नाही म्हणे. बदलायचा.

विकून का टाकत नाहीस?
ती एकेक बोट मोकळं करत
हातमोजे काढत राहिली.
जानेवारीत तारा तुटल्या, तेव्हा
तीन रात्री ह्याच्यावरच चालला
विहिरीचा पंप, भट्टीचा पंखा,
आणि शेजारच्या ऑर्विलचं श्वासाचं यंत्र.
चौथ्या सकाळी
गावात जाऊन यायला पुरेल
एवढी वीज उरलीच होती.
"त्याचा भाव तुझ्या कुठल्या वहीत आहे?"

मग मी बायकोचा हेअर ड्रायर आणला.
गोंद मऊ होईस्तोवर दोघं गप्प.
काच सुटली. आत
चमचाभर पाणी
आणि हिरवी पडलेली एक पिन.
डबीत दुसरी सापडली,
कधीच भंगारात गेलेल्या कुणाच्या तरी ट्रॅक्टरची.
घासूनपुसून बसवली.

लागला.

बिलावर लिहिलं : एक तास, थोडा गोंद.
वळणापर्यंत तो लाल ठिपका दिसत राहिला.
सवयीने कान दिला मी.
काही नाही.

ड्रायरला मात्र जळका वास लागलाय.
घरी काय सांगू?